आईची कूस आणि बाळाची वाढ

मंडळाच्या चिटणीसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा बचत आणि व्याजदर यांवर काहीतरी लिहून द्यावे असा आमचा विचार होता. परंतु जुने कागद चाळताना एक वही हाती लागली. तिच्यात आमच्या थोरल्या मुलीचे वजन तारखेनिशी रोजच्या रोज लिहिलेले आहे. पहिली नोंद १६४० ग्रॅमची आहे. ती पाहिल्यावर व्याजदर बाजूला राहिले. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत खतावण्या जुळवणारे; वैद्यकाचा आम्हांस अधिकार नाही. पण मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातले जे पक्के समजले तेवढेच येथे सभासद बंधुभगिनींपुढे आणि विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवतो.

आपल्या भाषेत कूस हा शब्द दोन अर्थांनी येतो. मूल आईच्या कुशीत वाढते म्हणजे गर्भाशयात वाढते, आणि जन्मल्यावर आईच्या कुशीत निजते म्हणजे तिच्या अंगाला लागून निजते. पहिली कूस संपली की लगेच दुसरी सुरू व्हावी, मध्ये खंड पडू नये, हे आपल्या आयाआज्यांना सांगावे लागत नव्हते. मोठमोठ्या रुग्णालयांना ते पटायला मात्र फार वर्षे लागली.

पहिल्या कुशीविषयी थोडक्यात सांगतो, कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते पाठ असते. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांचा संयोग गर्भाशयात नव्हे, तर बीजवाहक नळीत होतो. तेथून सरकत सरकत सहा-सात दिवसांनी तो जीव गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय धडधडू लागते. ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. घरात अजून 'पाळी चुकली की काय' एवढीच कुजबुज चाललेली असते, आणि मेंदूचा पाया घातला गेलेला असतो! फॉलिक आम्लाची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्या असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने नळीतील बाळ जन्मले. तेव्हा संयोग काचेत झाला हे खरे, पण रुजायला आणि वाढायला कूस आईचीच लागली.

धम्मग्रंथ वाचणाऱ्यांना येथे संयुत्त निकायातील इंदक सुत्त आठवेल. गर्भात शरीर कसे घडते या प्रश्नाला भगवंतांनी तेथे उत्तर दिले आहे. कलल, अब्बुद, पेसी, घन आणि मग हातपायांचे फुटवे असे टप्पे सांगून आई जे खाते-पिते त्यावरच गर्भातील जीव पोसला जातो असे शेवटी म्हटले आहे. कोणी देव साचा तयार करतो असे म्हटलेले नाही. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळातले हे बोलणे असल्याने टप्प्यांची तंतोतंत जुळणी करीत बसू नये. आईच्या अन्नाची गोष्ट मात्र आपल्या महाराष्ट्रातच मोजून पाहिली गेली आहे, आणि ती सावकाश सांगण्यासारखी आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. दिवस राहण्याच्या आधीपासून त्यांची वजने-मापे घेतली, त्या काय खातात आणि किती कष्टतात ते नोंदवले, आणि मुले जन्मल्यावर त्यांचीही मापे घेतली. ही मुले मोठी झाली तरी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. जन्मवेळी त्यांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आतच होते. इंग्लंडमधील मुलांचे साडेतीन किलो. पण खरी चकित करणारी बाब पुढेच आहे. आपली बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते, परंतु कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळे आणि आतून चरबीचे, असे हे बाळ. पुढे चाळिशीत आपल्या लोकांना मधुमेह का गाठतो याचा एक धागा पाळण्यापर्यंत, नव्हे त्याच्याही मागे, जातो तो असा.

याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. ज्या गरोदर स्त्रियांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर होते त्यांची बाळे आकाराने मोठी होती. आणि ज्यांना पाणी वाहणे, धुणे, शेतीची कामे असे कष्ट अधिक होते त्यांची बाळे लहान होती. पहिली गोष्ट ऐकून कोणालाही फारसा खर्च येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला दारात असतो, मासळी तर बंदरावरच. दुसरी गोष्ट अवघड आहे. आमच्या नाट्यात आणि आसपासच्या वाड्यांत आठव्या महिन्याची बाई लावणीच्या चिखलात वाकलेली किंवा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चढण चढणारी कोणी पाहिली नाही? आम्ही तर आमच्या आईलाच पाहिले आहे. पोटात आमचा धाकटा भाऊ होता.

गरोदर बाईला विश्रांती हा तिचा हक्क आहे, दया नव्हे, ही गोष्ट या राज्यात कायद्याच्या भाषेत मांडली गेली त्यात बाबासाहेबांचा आवाज होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. मालकालाही त्यातून सुटता येणार नाही. पुढल्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दापोलीजवळच्या वणंदच्या लेक माता रमाई आणि बाबासाहेब यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. त्यांपैकी राजरत्न गेला तो १९२६ साली, म्हणजे त्या भाषणाच्या अवघी दोन वर्षे आधी.

आज आमच्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या भगिनीला २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे सव्वीस आठवडे भरपगारी रजा मिळते. पाटी घेऊन फिरणारीला कसली रजा? २०१७ पासून मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये खात्यात येतात, हा काही आधार आहे. ते खाते काढून देण्याचे काम आम्ही पुष्कळ केले आहे. पण पाच हजारांत किती दिवस घरी बसता येते याचा हिशेब कोणत्याही गृहिणीला विचारावा.

आता स्पर्शाकडे वळू. बाळाच्या इंद्रियांपैकी सर्वांत आधी जागे होते ते स्पर्शाचे. पाळी चुकल्याच्या हिशेबाने आठव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे गर्भ बोटाच्या पेराएवढाही नसताना, ओठांजवळ काही लागले तर तो अंग हलवतो. नंतर तळहात, तळपाय, आणि अर्ध्या दिवसांपर्यंत बहुतेक सर्वांग स्पर्श जाणू लागते. कान त्यानंतर. आईचा आवाज बाळ पोटातूनच ऐकते आणि जन्मल्यावर तो इतर बायांच्या आवाजातून ओळखते, हे १९८० साली अमेरिकेत प्रयोगाने दाखवले गेले. डोळ्यांची पाळी सर्वांत शेवटची. म्हणजे बाळ आईला पाहून नव्हे, तर तिच्या अंगावरून, वासावरून आणि आवाजावरून ओळखत बाहेर येते.

बाहेर येताच त्याच्यावर पहिले संकट येते ते थंडीचे. पोटात ऊब आयती होती. मोठा माणूस कुडकुडून अंग तापवतो, नवजात बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर तर चरबीही नसते. म्हणून ओले बाळ पुसून कोरडे करावे आणि लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांवर एकच पांघरूण घालावे. आईची कातडी ही बाळाची शेगडी. तेथेच ते तासाभरात स्तन शोधते आणि पहिले घट्ट पिवळे चिकाचे दूध पिते. आपल्याकडे हे दूध 'वाईट' म्हणून पिळून टाकण्याची आणि बाळाला मध चाटवण्याची रीत कित्येक घरांत होती. चीक म्हणजे बाळाची पहिली लस आहे. आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये, त्यातल्या जंतूंनी जीव जाऊ शकतो. पहिली आंघोळही निदान एक दिवस पुढे ढकलावी. अंगावरचा पांढरा चिकट थर घाण नव्हे, ते त्याचे संरक्षण आहे.

हे सारे आम्हांस आमच्या मुलीच्या वेळी ठाऊक नव्हते. २०१० च्या पावसाळ्यात, दिवस भरायला सात-आठ आठवडे असताना, पत्नीच्या पोटात कळा सुरू झाल्या. गाडी करून शहरातील एका मोठ्या रुग्णालयात नेले. मुलगी जन्मली आणि तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवले. ते योग्यच होते, तिचा श्वास अडखळत होता. पण तिसऱ्या दिवसापासून ती आपणहून श्वास घेऊ लागली, तरी आईला आत सोडत नव्हते. 'जंतुसंसर्ग होईल' हे एकच उत्तर. आमची पत्नी वाटीत दूध काढून दारात द्यायची आणि काचेपलीकडून पाहायची. रोज सकाळी वजन विचारून आम्ही वहीत लिहीत असू. १६४०, १६१०, १५८०, १५६०. जमाखात्यातून रोज काहीतरी वजा होत असलेले पाहावे तसे वाटे. पहिल्या आठवड्यात थोडे वजन उतरते हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. आमच्या आईने एकदाच विचारले, "पोर आईपाशी नाही तर मग कोणापाशी आहे?"

बाराव्या दिवशी रात्रपाळीला एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी पत्नीला हात धुवायला लावले, खुर्चीत बसवले आणि मुलीला फक्त टोपी व लंगोट ठेवून तिच्या छातीवर उभी ठेवली. वरून साडीच्या पदराने बांधली. एवढ्या वेळात आमच्या पत्नीने एक शब्द उच्चारला नाही. दुसऱ्या रात्री त्या सिस्टरनी आम्हांस बोलावले आणि शर्टाची बटणे काढा म्हणाल्या. खरे सांगतो, आम्हांस लाज वाटली. पण तळहाताहून थोडी मोठी ती पोर छातीवर ठेवली तेव्हा तिचा भरभर चालणारा श्वास थोड्या वेळाने संथ झालेला आम्हांस स्पष्ट जाणवला. चौदाव्या दिवसापासून वहीतील आकडे चढू लागले. नुसत्या छातीवर ठेवल्यानेच ते चढले असे आम्ही म्हणणार नाही; तेव्हापर्यंत ती दूधही नीट घेऊ लागली होती.

त्या सिस्टरनी जे केले त्याला कांगारू पद्धती म्हणतात, हे आम्हांस मागाहून कळले. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रे यांनी १९७८ साली ती सुरू केली, आणि तीही गरजेपोटी. पेट्या कमी, बाळे जास्त, एकेका पेटीत दोन-तीन बाळे. म्हणून त्यांनी आयांनाच पेटीचे काम दिले. गरिबाचा उपाय म्हणून त्याकडे बरीच वर्षे तुच्छतेने पाहिले गेले. पुढे आपला देश आणि आफ्रिकेतील चार देश मिळून जागतिक आरोग्य संघटनेने मोठी चाचणी घेतली. एक किलोपासून एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या बाळांना, तब्येत स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मताच आईच्या छातीशी ठेवले. २०२१ साली निष्कर्ष आले: पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू नेहमीच्या पद्धतीपेक्षा पाव हिश्शाने कमी झाले. चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटातील बाळांना या लाभापासून वंचित ठेवणे योग्य नव्हते. आता आईलाच बाळाच्या विभागात खाट द्यावी असे सांगितले जाते. काच गेली म्हणायची.

ऊब, आईचे दूध आणि वेळेवर लक्ष यांनी किती जीव वाचतात हे आपल्या राज्याने त्याच्याही आधी दाखवून दिले होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी तेथे हजारी नवजात मृत्यू पंचवीसच्या आसपास आले. शेजारच्या तशाच गावांत ते साठच्या घरात होते. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढे बेचाळीसाव्या दिवसापर्यंत येतात त्याचे मूळ तेथे आहे. त्या आल्या की 'कशाला आल्यात' असा चेहरा करू नये.

आता आपल्या कोकणच्या नारळाच्या तेलाविषयी. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाने, जेथे १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी काढली, तेथेच बाळाच्या मालिशीचीही रीतसर परीक्षा झाली. बाळांचे तीन गट केले. एकाला नारळाचे तेल, दुसऱ्याला खनिज तेल, तिसऱ्याला नुसती पावडर लावून चोळले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अपुऱ्या दिवसांच्या बाळांत नारळाच्या तेलाच्या गटाचे वजन इतर दोघांपेक्षा वेगाने वाढले. हे वाचून आम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवले. तिने पायांवर नात आडवी घेतलेली होती आणि तिला आमच्या वाचनाची काही गरज दिसली नाही.

अर्थात जुने ते सर्व सोने नव्हे. टाळूवर तेल थापून दाबणे, नाक ओढून सरळ करणे, कानात तेल ओतणे, बाळाच्या छातीतून 'दूध' पिळणे, डोळ्यांत काजळ घालणे हे सारे सोडून दिले पाहिजे. हात हलका आणि सावकाश हवा. कातडीत असे काही बारीक मज्जातंतू आहेत की जे सावकाश, उबदार, कुरवाळण्यासारख्या स्पर्शालाच सर्वांत चांगली साद देतात. घाईचा किंवा जोराचा हात त्यांना चालत नाही. सुदैवाने आयांचा हात आपोआपच त्या वेगाने फिरतो.

पोट भरले की मूल आपलेसे होते ही समजूत अमेरिकेतील हॅरी हार्लो यांनी १९५८ साली मोडून काढली. माकडाच्या पिल्लांना त्यांनी दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्ले पिण्यापुरती तिकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून काढीत. प्रयोग निर्दय होता, तो पुन्हा कोणी करू नये. पण त्यापुढे आईला केवळ दुधाची धनीण समजणे अशक्य झाले. जन्मवेळी बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढा असतो आणि पहिल्या एका वर्षात तो दुप्पट होतो. रडल्यावर कोणीतरी उचलते, हे या वर्षात त्याला कळावे लागते. 'सारखे घेऊ नका, अंगवळणी पडेल' असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे की पडू द्यावे.

हे 'कोणीतरी' जन्मदात्रीच असले पाहिजे असे मात्र नाही. महामाया सातव्या दिवशी गेल्या आणि सिद्धार्थाला दूध पाजून वाढवले ते महाप्रजापती गौतमीने. आजी, मावशी, आत्या, दत्तक घेणारे आईबाप, ज्यांचे हात रोज बाळाला लागतात त्यांच्याशी ते जोडले जाते. आणि बाप? आपल्या भागातील निम्मे बाप मुंबईला. बाळ पावसाळ्यात जन्मते आणि बापाला ते प्रथम दिसते एप्रिलमध्ये, जयंतीला गावी आल्यावर. तोवर ते त्याला पाहून भोकाड पसरते आणि घरातले हसतात. त्या बापाला हसू येत नाही, हे आम्ही बँकेत पैसे भरायला आलेल्या कित्येकांच्या तोंडून ऐकले आहे. रजा मिळत असेल तर ती बारशासाठी राखून न ठेवता बाळंतपणाच्या वेळी घ्यावी, आणि आल्यावर पाहुण्यासारखे बाजेवर न बसता बाळाला उघड्या छातीशी घ्यावे. आमच्या अनुभवाने सांगतो, लाज पहिल्या पाच मिनिटांपुरतीच असते.

मुलीला चोविसाव्या दिवशी घरी आणले. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी झोळीचा काटा आमच्याकडे ठेवायला दिला होता. दिवसा आई, संध्याकाळी बँकेतून आल्यावर आम्ही आणि रात्री पत्नी, अशा पाळ्या लावून तिला छातीशी बांधून ठेवीत असू. अडीच किलो पार झाल्यावर ती तेथे राहीना, हातपाय झाडून बाहेर यायला बघू लागली. वहीतील शेवटची नोंद २५४० ग्रॅमची आहे. खाडीपलीकडच्या एका वाडीत दुसरे अपुऱ्या दिवसांचे बाळ आले होते, म्हणून त्या दिवशी नर्सबाई काटा घेऊन गेल्या.